आहेराचा शर्ट

मागच्या उन्हाळ्यापासून माझ्या हातांना ऊन सोसेना. आधी पुरळ, मग फोड, मग त्यातून पाणी. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, उघड्या अंगाला उन्हाचं मलम लावा, घामानं गेलं की पुन्हा लावा. नाहीतर मिरची तोडणं बंद करा. बंद कसं करणार? मजूर लावायचे नाहीत म्हणून तर वावरात मी.

मलमाची ट्यूब नवऱ्यानं कोनाड्यात वर ठेवली. रोज सकाळी माझ्या बोटावर हरभऱ्याएवढं मलम द्यायचा, जसा काही प्रसाद. तेवढ्यात एक पंजाही माखत नव्हता. स्वतः कुणाच्या लग्नाला निघाला की मात्र तोंडभर थापून आरशापुढं उभा.

"काय वं, गोरा दिसून राह्यलो ना?"

दिसत होता पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या चुलीसारखा.

शर्टाचंही तसंच. वावरात आम्ही बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतो. मला मिळाला तो इतका विरलेला की उजेडाकडे धरला तर पलीकडची म्हैस दिसे. चांगला मागितला तर सासू म्हणाली, "वावरात काऊन पाह्यजे तुले चांगला? फाटून जाईन."

आणि पेटीत लग्नांत आलेले शर्टपीस कोंबलेले. ते आमच्याकडे कुणी शिवत नाही. एका लग्नात आलं की घडी न मोडता दुसऱ्या लग्नात द्यायचं. त्यातला निळा तुकडा माझ्या माहेरचा. इथून सोनाळ्याला गेला, तिथून फिरत परत आमच्याच पेटीत आला. एवढा मान घेतला त्यानं, पण कुणाचं अंग काही झाकलं नाही.

परवा फुटलेला फोड बाहीला चिकटला. बाही सोडवली तर कातडीही निघाली. मी पेटी उघडली आणि निळा तुकडा शेजारच्या शिवणवालीला दिला.

आज तो शर्ट घालून निघाले तर सासू ओरडली, "अवं, आहेराचा कपडा तो! माह्या पोरीच्या दिराच्या लग्नात आता काय देशीन?"

नवरा म्हणाला, "लोकं हासतीन ना मले! बायको नवा शर्ट घालून मिरच्या तोडते!"

त्याला हसतील, याचीच काळजी. मी कोनाड्यातली ट्यूब काढली, मानेला आणि पंजांना जाडसर थापलं आणि ट्यूब शर्टाच्या खिशात घातली. दुपारी पुन्हा लावलं.

संध्याकाळी बाही वर करून पाहिली. नवा फोड नव्हता. सासू पेटीपुढं बसून उरलेल्या घड्या सारख्या करत होती. करू दे.