बैलांचा हौद आणि लांबचे दोन हायड्रंट

"सायेब, बघा की. पाणी पत्र्यावरून पलीकडं जायलंय," जिनिंगचे मालक म्हणाले.

खरंच शेडच्या पत्र्यावरून जात होतं. पंपाजवळच्या हायड्रंटला होज, म्हणजे जाड पाइप, जोडला होता आणि कामगार जत्रेत आल्यासारखे बघत होते. मला मात्र चैन पडत नव्हतं. माझी सही कधी होते याची वाट बघत गेटवर रोजंदारीच्या बायका उभ्या होत्या आणि त्यांत माझी सख्खी बहीण होती, शांताक्का.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी फायर ब्रिगेडमध्ये ऑफिसर होतो, गुलबर्ग्याहून करजगीकडच्या या जिनिंगच्या तपासणीला आलो होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथं एक ठिणगी पुरे. आमची गाडी गुलबर्ग्याहून पोचेपर्यंत राखच उरली असती. म्हणून मालकानं आवारात स्वतःचे हायड्रंट, म्हणजे होज जोडायचे मोठे नळ, बसवायचे आणि आम्ही ते पास करायचे. पास झाल्याशिवाय मशीन सुरू नाही. शांताक्काच्या नवऱ्याचा पाय मोडला होता. घर तिच्या रोजीवर चाललं होतं.

लोकांना वाटतं, प्रेशर असलं की झालं. नळ बंद असताना गेजचा काटा छान वर असतो, पण काट्यानं आग विझत नाही. नळ उघडल्यावर मिनिटाला किती पाणी पडतं, तो फ्लो. तो बघायचा पंपापासून सगळ्यांत लांबच्या दोन हायड्रंटवर, दोन्ही एकदम उघडून. मी तसे उघडायला लावले. तिथंही पाणी बरं आलं. पेन काढला, तरी मन घेईना. कापसाची खरेदी सुरू झालेली, आणि आवारात एकही बैलगाडी नव्हती. शेण मात्र ताजं होतं.

विचारलं, तर मालकांनी सरळ सांगितलं. तपासणीत अडचण नको म्हणून गाड्या सकाळीच रस्त्यावर काढल्या होत्या. त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती, बैल पाणी प्यायल्याशिवाय गाडीचं वजन करायचं नाही. रीत चांगलीच. पण बैलांच्या हौदाचा पाइप निघाला होता हायड्रंटच्याच लाइनमधून.

गाड्या आत घ्या म्हणालो. हौदाचे नळ सुटले आणि लांबच्या हायड्रंटचं पाणी होज धरणाऱ्याच्या पायाशीच पडायला लागलं.

"आग लागली तर हौदाचे नळ बंद करू की, सायेब."

"कोण करंल? बैल?"

मालक हसले नाहीत. हौद बंद करायला ते तयार नव्हते, आणि मलाही ते पटलं नसतं. हौदाला वेगळी टाकी आणि वेगळा पाइप हवा होता. त्याला आठवडा तरी लागणार. आज सही द्या, काम मी करून घेतो, असं त्यांनी फार अजीजीनं सांगितलं. माणूस खोटा नव्हता. तरी मी पेन खिशात ठेवला आणि गेटवरच्या बायका घरी गेल्या.

मुक्काम शांताक्काकडेच होता. तिनं मला वाढलं, स्वतः बसली नाही.

"कामून अडवलास रे? समद्या बाया मलाच बोलायल्यात."

"आत तू असतीस, अक्का."

"आत मी हरसाल असते. आठवडाभर चूल कशी पेटवू, ते सांग."

मला तिचा राग आला आणि स्वतःचाही.

आठवड्यानं परत गेलो. या वेळी आवार गाड्यांनी भरलेलं होतं, बैल पाणी पीत होते, आणि मी लांबचे दोन्ही हायड्रंट एकदम सोडायला लावले. पाणी पत्र्यावरून गेलं. सही केली. शांताक्का माझ्याकडे न बघता आत गेली.

त्या सीझनभर स्टेशनात फोन वाजला की मी सगळ्यांच्या आधी उठायचो. करजगीचा नाही, एवढं कळलं की खाली बसायचो. तो फोन कधीच आला नाही. पुढे जिनिंग बंद पडली, तोवर तिथं आग लागलीच नाही.

शांताक्का आता म्हातारी झाली आहे. अजूनही नातवंडांसमोर विचारते, "माझी आठवड्याची रोजी बुडवलास. कवा लागली आग, सांग की."

मी बरोबर होतो हे तिला पटायला आग लागायला हवी होती, आणि ती आत असायला हवी होती. त्यापेक्षा चुकीचा ठरलेला बरा. मी सांगतो, "न्हाई लागली, अक्का."