वळणावरचा धूर

नातू ट्रकची पीयूसी करून आला आणि कौतुकाने म्हणाला, "आजी, धूर बिलकूल नाय!" मला आमच्या मसुरे गावच्या घाटीवरचा काळा धूर आठवला.

साठ सालच्या सुमाराला हे एका शेठची मालाची गाडी चालवत. घरात घड्याळ नव्हतं. संध्याकाळी वळणावरच्या झाडांवर यांच्या गाडीचा धूर दिसला की मी भात चढवायची; हे येऊन आंघोळ करेपर्यंत तो शिजायचा. पण शेठ भडकले, "डिझेल कमी जाळ, नायतर गाडी दुसऱ्याक देतलंय." मग यांनी सबंध रविवार अंगणात घालवला. नोझल साफ केले, पंपातून जाणारं डिझेल कमी केलं, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत बसले.

सोमवारी हे दारात आणि चूल थंड! मी करवादले, "धूरच दिसलो नाय, माका कळतला कसा?"

दुसऱ्या संध्याकाळी वळणावर काळ्या धुराचा एकच झुबका उठला. डिझेलच्या थेंबाथेंबाला जपणाऱ्या माणसाने मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबला होता.

"हॉर्न वाजवचो होतो," भात वाढताना मी म्हटलं.

"हॉर्न काय, सगळेच वाजवतत गो."