आकाराम घाई करत नाही

आकारामला मी कधी शांत बघितलेलं नाही. शिरोलीतल्या ज्या फाउंड्रीत मी हिशेब बघतो, तिथं तो भट्टीखात्याचा सुपरवायझर होता. हाताखालची पोरं त्याला घाबरायची, पण दुसऱ्या खात्यात जा म्हटलं तर जात नसत.

त्याचा एक नियम होता. साच्यात ओतलेलं लोखंड आपल्या गतीनं थंड झाल्याशिवाय साचा फोडायचा नाही. घाईनं फोडला, वारं लागलं, की कास्टिंगला तडा जातो. गेल्या वर्षी नवा मॅनेजर आला. त्याला उत्पादन वाढवून दाखवायचं होतं. साचे लवकर फोडा, पंखे लावा, लवकर थंड करा, असा त्याचा हुकूम. आकाराम भांडला, मॅनेजरनं पंखे लावले, आणि थोड्याच दिवसांत तडकलेल्या कास्टिंगचा ढीग गेटाजवळ लागला. मालकापुढं मॅनेजर म्हणाला, "सुपरवायझरचं लक्ष नव्हतं." मालकानं ते मान्य केलं. मी मालकाला तोंडावर सांगितलं की तडा पंख्यानं गेलाय. "तुम्ही तुमचे हिशेब बघा," असं उत्तर मिळालं. आकारामनं त्याच दिवशी नोकरी सोडली. तो ढीग आठवला की आजही माझं डोकं तापतं.

मंगळवार पेठेत आमची घरं समोरासमोर आहेत. घरी बसलेला आकाराम बघवत नव्हता. पेपरवाल्याशी भांडण, केबलवाल्याशी भांडण. त्याची मुलगी वर्षाराणी पुण्यात बियर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी करते. बापाच्या हाताला काही काम असावं म्हणून तिनं सुट्टीला येताना बार्लीचा माल्ट, यीस्ट आणि कडू वासाची वाळलेली फुलं आणली.

"घरात असलं करायला परवाना लागतो," मी म्हटलं.

"जयसिंगराव, तुमाला गिलास न्हाय मिळायचा," आकाराम म्हणाला.

माल्ट गरम पाण्यात भिजवायचा, गोड पाणी गाळून घ्यायचं, त्यात ती फुलं घालून उकळायचं, आणि थंड झाल्यावर यीस्ट टाकायचं. मात्र हे उकळलेलं पाणी झटपट थंड करावं लागतं. कोमट अवस्थेत ते जितका वेळ राहील, तितके हवेतले जंतू त्यात वाढतात. वर्षानं हे बजावून सांगितलं आणि ती पुण्याला गेली. आकारामनं दोनदा बियर करून बघितली, आणि दोन्ही खेपांना उकळल्यावर पातेलं झाकलं, वर गोणपाट टाकलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दोन्ही वेळा बियर शिळ्या ताकासारखी आंबट झाली. शिव्या माल्टला बसल्या.

तिसऱ्या खेपेला वर्षा स्वतः आली. पेठेत नळाला पाणी सकाळीच येतं, त्या बेतानं तिनं शेगडी पेटवली. सोबत तांब्याच्या नळीचं वेटोळं आणलं होतं. ते पातेल्यात सोडायचं आणि नळाचं गार पाणी त्यातून खेळवायचं. पातेल्यातली उष्णता घेऊन तेच पाणी दुसऱ्या टोकानं गरम होऊन बाहेर पडतं. ते वाया जाऊ नये म्हणून आकारामच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, बादल्या मांडल्या होत्या. नळाला जोडलेला पाइप धरायला मला उभं केलं होतं.

शेगडी बंद झाली. वर्षा नळाकडं वळली आणि आकाराम आडवा आला.

"नळ सोडायचा न्हाय."

"पप्पा, लवकर थंड केलं न्हाय तर परत नासतंय."

"लवकर थंड करा! त्यो बी हेच म्हनत हुता. माझ्याच घरात, माझ्याच पोरीच्या तोंडात त्याचंच बोलनं!"

"अवो, पानी जाईल आता," वहिनी म्हणाल्या. "भांडान दुपारी करा."

"तू गप."

"मी का गप? पातेलं माझं हाय. दोनदा घासलंय मी तुमचं आंबट."

वर्षाचाही आवाज चढला. ती बापाचीच मुलगी. "आत्ता नळ सोडला तर मॅनेजर बरोबर ठरतोय, असं वाटतंय व्हय तुमाला?"

आकाराम नळापुढून हलला नाही. त्याची मान लाल झाली होती.

"लोखंडाला तडा जातोय, म्हणून तिथं थांबायचं. ह्याला कुठला तडा? हे दुधासारखं हाय, नासतंय. तिथं तुमीच बरोबर हुता. इथं मी हाय. दोन्ही खरं असतंय की!"

"तडा पंख्यानं गेला, हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे, आकाराम," मी म्हटलं.

"मग मालकाला का न्हाय म्हाईत?" तो एवढ्यानं ओरडला की शेजारची खिडकी उघडली. "त्यो तितं खुर्चीत, आन मी हितं फुलं उकळत बसलोय!"

तो वळला आणि त्यानं नळ असा पिळला की पाइप माझ्या हातातून सुटला आणि मी नखशिखांत भिजलो.

"धरा की नीट, पावणं!"

वेटोळ्याच्या दुसऱ्या टोकातून वाफाळतं पाणी आलं. वहिनी बादल्या बदलत राहिल्या, आकाराम पातेल्याला हात लावून बघत राहिला आणि मॅनेजरचा उद्धार करत राहिला. नळ जायच्या आत पातेलं गार झालं. वर्षानं यीस्ट टाकून झाकण लावलं.

"सोमवारी तुमच्यासंगं शिरोलीला येतो," तो मला म्हणाला. "मालकाला इचारायचंय, कुठं घाई करायची आन कुठं न्हाय, हे त्याला कळतंय का."

तो आला आणि मालकासमोर उभं राहून बोलला. सगळं खातं ऐकेल एवढ्या आवाजात, पण एकही शिवी न देता. मालकानं मान खाली घालून ऐकलं आणि चहा मागवला.

"चूक माझी नव्हती, एवढं म्हना. मग पितो," आकाराम म्हणाला.

मालक टेबलावरचा पेन फिरवत बसला. आकारामनं वाट बघितली. मग चहा तसाच ठेवून तो बाहेर पडला आणि बसथांब्याकडं चालू लागला. मालकाला ते एक वाक्य बोलायला काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही.