शंकरप्पांनी केलेली ब्रेकची नळी

आमच्या शेजारचे शंकरप्पा लातूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. घरातलं काही मोडलं की त्यांचा चेहरा उजळतो. मागच्या महिन्यात त्यांच्या जुन्या गाडीची ब्रेकची नळी गंजून मुरुडजवळ फुटली. गाडी सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगात घुसून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यांच्या पत्नी जगदेवीबाई उतरल्या त्या एवढंच बोलल्या, "या खटाऱ्यात मी पुन्हा बसणार न्हाई. रविवारी बहिणीच्या नातीचं बारसं हाय, जळकोटला मी एसटीनं जाईन."

बायकोनं एकटीनं जावं हे शंकरप्पांच्या जिवाला लागलं. या गाडीची नळी आता मिळत नाही, असं मेकॅनिक म्हणाला. मग त्यांनी नांदेडहून ब्रेकच्या साध्या नळीचं वेटोळं आणि तिचं तोंड फुलवायचं हत्यार आणलं. आधी कपडे वाळत घालायची तार जुन्या नळीसारखी वाकवली, मग तिच्याबरहुकूम नवी नळी. वळण चेपलं तर तेल अडतं, म्हणून अगदी सावकाश. दोन्ही टोकं इतकी सुबक फुलवली की मला दाखवायला घेऊन आले.

"अन् हे नट कुठून घालणार?" जगदेवीबाईंनी दारातून विचारलं.

दोन्ही नट स्टुलावरच होते. ते आधी ओवायचे असतात. फुललेल्या तोंडावरून जात नाहीत.

"पायरी गाळली म्हणून पोरांचे मार्क कापायचे ना तुमी?"

शंकरप्पा ओशाळून हसले आणि दुसरी नळी कापायला बसले.

शनिवारी ती नळी गाडीला बसली. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायची राहिली. त्याला एक माणूस चाकापाशी आणि एक पेडलवर लागतो. माझा गुडघा बदललेला, मी नुसता तेल ओतायला.

"अगं, जरा पेडल दाबतीस का?" शंकरप्पा गाडीखालून म्हणाले.

"मी बसणार न्हाई म्हणलं ना!"

"गाडी जागची हालत न्हाई. चाकाला विटा लावल्यात."

त्या कुरकुरत बसल्या. दाब, धर, सोड, असं चारही चाकांना झालं. शेवटी पेडल घट्ट लागलं. त्यांनी दोन्ही पायांनी जोर लावला. "मार्तंडराव, थेंब दिसतो का?" त्यांनी मला तीनदा विचारलं. जोड कोरडे होते. त्या उतरून घरात गेल्या. शंकरप्पा माझ्याकडे बघत राहिले.

रविवारी सकाळी इरकल नेसून त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

"आधी गल्लीत धा येळा थांबवून दाखवा."

दहाव्यांदा गाडी जागच्या जागी थांबली, तोवर सगळी गल्ली दारात आली होती.

"बास झालं," जगदेवीबाई म्हणाल्या, "चला आता, बारशाला उशीर व्हायलाय."