हमीदभाईंचा अंगठा

हमीदभाईंनी तिघांनाही ‘हो’ म्हटलं होतं, आणि ते भांडण आता माझ्या थेरपी रूममध्ये येऊन उभं राहिलं होतं.

मी वसईची. कतारमध्ये, दोह्याच्या एका हॉस्पिटलात स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. हमीदभाई (नाव बदललंय) रत्नागिरीकडचे, इथल्या अल रुवैस बंदरावर मासळीचा व्यापार. शिवाय इथल्या कोकणी मंडळाचे अध्यक्ष. कितीतरी वर्षं दुसरं नाव कुणी सुचवलंच नव्हतं. कुणाची नोकरी गेली, कुणाची मय्यत गावी पाठवायची असली, की पहिला फोन हमीदभाईंना. आता निवडणूक जवळ आली होती आणि स्ट्रोकमुळे अध्यक्षांच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता.

समर्थकांचं म्हणणं एकच, नाव घरचंच पाहिजे, नाहीतर मतं फुटतील. कुणाचं, यावर मात्र जो तो आपलंच घोडं पुढे दामटत होता. काहींना धाकटा भाऊ नासिर हवा होता, काहींना बायको रुकय्याभाभी, तरुण पोरांना मुलगी सना. प्रत्येक गट घरी जाऊन, चहा पिऊन, हमीदभाईंना विचारून आला. प्रत्येकाला उत्तर मिळालं, ‘हो.’

झालं. नासिरने भाभींशी बोलणं टाकलं. दुकान बंद करून रोज भावाचे पाय दाबायला यायचा, तो यायचाच बंद झाला. हमीदभाई संध्याकाळभर दाराकडे बघत बसायचे. हे सांगताना भाभी माझ्यासमोर रडल्या. मला मंडळाच्या अध्यक्षपदाशी काही देणंघेणं नव्हतं. पण पेशंट व्यायाम सोडून दाराकडे बघत बसला, तर मी काय डोंबल शिकवणार? मी सगळ्यांना बोलावून घेतलं.

समर्थकांचे म्होरके होते मुकादम. ते आल्याआल्या म्हणाले, “मॅडम, माणूस सलाम करतो, दुवा अख्खी म्हणतो. मग त्याचं ‘हो’ तेवढं खोटं कसं?”

घ्या! इथेच सगळे फसतात. या आजाराला अफेझिया म्हणतात. माणसाला बरंचसं समजतं, पण हवा तो शब्द जिभेवर येत नाही. पाठ झालेलं मात्र घडाघडा येतं, सलाम, दुवा, एक ते दहा. आणि कधीकधी एखादाच शब्द जिभेला चिकटून बसतो, मग विचारा काहीही. हमीदभाईंच्या जिभेवर ‘हो’ बसलं होतं. जन्मभर लोकांना तेच म्हणत आला होता बिचारा.

“हमीदभाई, तुम्ही केरळचे ना?” मी विचारलं.

“हो,” ते म्हणाले. पण डाव्या हाताचा अंगठा खाली गेला. उजवा हात चालत नव्हता. डाव्या अंगठ्याची प्रॅक्टिस आम्ही आधीपासून करत होतो, आणि अंगठा चुकत नव्हता.

मुकादम खुर्चीत बसले. सना पुटपुटली, “बट ही सेड येस टू मी.” पोरीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्लिश.

नावं आठवण्याच्या सरावासाठी मी घरच्यांचे फोटो मागवून ठेवले होते. नासिर, भाभी आणि सना, तिघांचे फोटो टेबलावर मांडले आणि सावकाश विचारलं, आता अध्यक्ष कोण?

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग तिन्ही फोटो गोळा केले, नीट एकावर एक ठेवले आणि आपल्या शर्टाच्या खिशात घातले. खिशावर हात ठेवून बसले.

माझे डोळे भरून आले. पण आमच्या कामात अंदाजावर जाऊन चालत नाही, प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारावा लागतो. घरातलं कुणी उभं राहावं का, विचारलं. “हो,” म्हणाले, अंगठा खाली. घरातलं कुणीच नको का? पुन्हा “हो,” पण अंगठा वर.

“खलास,” मुकादम हळूच म्हणाले.

नासिर इतका वेळ भिंतीला टेकून होता. तो येऊन भावाच्या पायांशी बसला. “भाय, मला पद नको होतं. तुझं नाव जाऊ नये, एवढंच वाटत होतं.” हमीदभाईंनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. आता भाभी काय करतात, इकडे माझं लक्ष होतं. त्या दिराला म्हणाल्या, “आज जेवायलाच ये. बांगडे आहेत.”

निवडणूक झाली. अध्यक्ष झाला दुसराच कुणीतरी, भला माणूस आहे म्हणतात. मतं फुटायची तेवढी फुटली, मंडळ काही फुटलं नाही. नासिर पुन्हा रोज पाय दाबायला जाऊ लागला. एका संध्याकाळी तो दारात चपला काढत असताना आतून आवाज आला, “ना... सिर.” स्ट्रोकनंतरचा पहिला नवा शब्द. मी सरावाला ‘पाणी’ दिलं होतं.

धडा एवढाच, की जो माणूस सगळ्यांना ‘हो’ म्हणतो त्याला प्रश्न उलटाही विचारून बघावा. समर्थकांनाही याची थोडी थेरपी द्यायला हवी, पण त्यांना माझ्याकडे कुणी रेफर करत नाही.