डब्यावरचं कुंकू

डब्यावरच्या माझ्या कपाळाला कुंकू होतं. चांगलं रुपयाएवढं, लालभडक. सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या मोठ्या दुकानात नाश्त्याच्या डब्यांची एक फळी आहे, तिथं मी ओळीनं दहा-बारा वेळा बसले होते आणि सगळ्याजणींना कुंकू होतं. आमचे मालक जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मधाच्या चवीचे ज्वारीचे पोहे असतात ते. दुधात टाकून चमच्यानं खायचे. बचत गटात आम्ही आठजणी कडक भाकरी थापतो, तिथं कंपनीची एक मुलगी आली. सगळ्यांची तोंडं बघून माझ्यापाशी थांबली.

"आजी, तुमच्या चेहऱ्यावर शेत दिसतं. आमच्या डब्यावर तुमचा फोटो छापू का?"

"शेत न्हाय बाई, ऊन हाय ते," मी म्हटलं.

मी नाहीच म्हणणार होते. मग विचारलं, "हा डबा पुण्यात जातो का?"

"पुण्यातच जास्त खपतो, आजी."

तेव्हा बसते म्हटलं.

माझी मुलगी पुण्यात आहे. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून गेली. मालकांनी तिला सांगितलं, "मी जिता हाय तवर ह्या घरात यायचं न्हाय." मी बाजूलाच उभी होते. काही बोलले नाही. मुलगी बापाच्याच वळणाची, परत आली नाही. फोनचा नंबरही बदलला. मोडनिंबच्या माझ्या भावाला ती एकदा पुण्याच्या एका मोठ्या दुकानात सामान घेताना दिसली होती. त्यानं हाक मारली नाही, मालकांना भ्याला. पत्ता कुणाकडंच नाही.

तर माझा बेत साधा होता. ती दुकानात जाईल, डबा बघेल, आईला ओळखेल. आईचं कपाळ मोकळं दिसलं की बाप गेला हे तिला कुणी सांगायला नको. यायचं की नाही ते मग तिनं ठरवावं.

फोटोच्या दिवशी त्यांनी मला चुलीपुढं बसवलं. माझ्याकडं पंधरा वर्षं गॅस आहे. हातात वाटी दिली, तिच्यात दुधाच्या जागी पांढरा डिंक होता. दुधात ते पोहे लगेच मऊ पडतात, फोटोपुरते टिकत नाहीत. मग ती मुलगी टिकली घेऊन पुढं आली. मी तिचा हात धरला.

"कपाळ असंच ऱ्हाऊ दे. तेवढं एकच सांगनं हाय माजं."

"बरं आजी," ती म्हणाली, आणि टिकली तिनं ठेवून दिली. फोटो काढल्यावरही कुंकू लावता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुकानात मी एक डबा उचलला आणि नखानं कुंकू खरवडायला लागले. लाल निघालं, खाली पांढरा पुठ्ठा दिसायला लागला. दुसरा घेतला. तिसऱ्याला गल्ल्यावरची बाई धावत आली.

"ओ मावशी, काय चाललंय? हे डबे आता तुमालाच घ्यावं लागतील."

"माजंच त्वांड हाय ते."

तिनं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ह्या तुमी न्हाय," ती म्हणाली. "ह्यान्ला कुंकू हाय की."

मी तिन्ही डबे घेऊन घरी आले. कंपनीच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आजी, सकाळी सकाळी लोक डबा बघणार, चेहरा प्रसन्न हवा, असं वरून आलं. आता सगळे छापून गेले."

गटात तर विचारूच नका. एकजण म्हणाली, "काय गं, म्हातारपणी लगीन केलंस व्हय? आमाला जेवायला तरी सांगायचं." सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार.

ते पोहे मी महिनाभर खाल्ले. लई गोड. डब्याच्या मागं बारीक अक्षरात काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं. मी चौथी शिकले आहे, वाचता येतं. साखर वरती होती, मध पार खाली.

खाताना एकच वाटायचं. तिनं हा डबा घरी नेला असेल. तिची पोरं माझ्याकडं बघत दूध पीत असतील. पोरं आहेत का, तेही मला माहीत नाही. आणि तिला वाटत असेल, बाप आहे अजून, आई चुलीपुढं बसून खुशीत हसतीय, आपल्यावाचून काही अडलं नाही. असं वाटून तिनं डबा फळीवर परत ठेवला असेल तर तिचं काय चुकलं?

पुढच्या वर्षी कंपनीनं डबा बदलला. आता त्याच्यावर टोपी घातलेली मधमाशी आहे. मुलगी आली नाही.

घरात आम्ही तिघं होतो. मालक गेले. मुलगी पुण्यात असेल. मी सोलापुरात आहे आणि माझी तब्येत ठीक आहे.