नानासोच्या कालवडीचं मुसकं

कुपवाडच्या कारखान्यात नानासो प्लॅस्टिकच्या पिशव्या काढायचा. त्र्याण्णव साली त्याची गाय फुगून मेली. डॉक्टरनं पोट फाडलं, तर आत पिशव्यांचा हा एवढा गोळा. त्या कुणाच्या कारखान्यातल्या, ते देव जाणे; नानासोनं मात्र ते आपल्याच हातचं पाप धरलं. दिवेलागणीला गाईच्या रिकाम्या दावणीतून हंबरणं ऐकू यायचं आणि हातातला घास हातातच राहायचा.

पुढं मिरजेच्या कॉलेजातल्या आम्रपालीताई कारखान्यात आल्या. सोयाबीनच्या पेंडीतल्या प्रथिनांचं प्लॅस्टिक करून त्यांनी रोपांसाठी कुंड्या बनवल्या होत्या. प्रयोगशाळेत दिवसभरात चार-दोन व्हायच्या, मालकाला हव्या होत्या हजारांनी. नानासो त्या कामाला देवाचं काम समजून भिडला. साचा जास्त तापला की माल करपायचा, कमी तापला की तडकायचा. गडी म्हणायचे, नानासोनं भाकरीचा धंदा काढलाय.

तडकलेली एक कुंडी त्यानं भीतभीत घरी नेली. मेलेल्या गाईची कालवड होती, तिनं ती कुरुकुरु खाल्ली. काही झालं नाही. हंबरणं थांबलं आणि नानासोला पहिल्यांदा गाढ झोप लागली. मग रोज संध्याकाळी एक कुंडी, स्वतःच्या हातानं.

अखेर माल जमला, पण ओल्या मातीत कुंड्यांना आठवड्यात बुरशी धरायची. मग ताईंनी त्यात फॉर्मलिन घातलं, शाळेतल्या बरणीत मेलेला बेडूक ठेवतात ते औषध. कुंडी दगडासारखी टिकली. फलटणच्या रोपवाटिकांसाठी ट्रक भरला, मालकानं पेढे वाटले. ताईंनी नानासोला बाजूला घेतलं.

"आता ही जनावराला घालू नका हं. बाधेल."

"पेंडीचा वास जाईल न्हवं, ताई?"

"वास नाही जाणार," ताई खाली बघत म्हणाल्या.

घरी पोचला तर कालवड दावं ताणून उभी. तिनं त्याची बाही हुंगली, हात चाटायला जीभ काढली. नानासोनं हात मागं घेतला, माळ्यावरून मळणीचं मुसकं काढलं आणि तिच्या तोंडाला बांधलं. त्याची बायको विजयमाला पाण्याची बादली घेऊन गोठ्यात आली, तशीच थबकली.

"आवं, मळणी न्हाई, काय न्हाई. दावणीच्या जनावराला मुसकं कशापायी?"

"हिला चव म्या लावली," नानासो म्हणाला. "हिचं तोंड बांधलं गं. फलटणच्या गुरांचं कोण बांधंल?"

कालवडीनं जाळीतलं तोंड त्याच्या रिकाम्या ओंजळीत खुपसलं आणि आईसारखीच हंबरली.